चौथा टप्पा, खांबाशेजारी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सर्वेश आज पुन्हा फोन घेऊन दुकानाबाहेर गेला. माझ्यासमोर बोलायला काय झालं होतं? "काका, आलोच हं" म्हणाला आणि थेट रस्त्यापलीकडे. वीस मिनिटं! काचेतून दिसत होता. मान हलवत होता, मध्येच दुकानाकडे बघत होता. मी कामात आहे असं दाखवलं. झेरॉक्सच्या मशीनमधून कोरे कागद सोडत बसलो.

पोरगा शाळेत पीटी शिकवतो. मंडळाने त्याला स्मरणिकेच्या कामासाठी माझ्या हाताखाली दिलाय. हाताखाली की डोक्यावर, ते कळेलच.

१४ डिसेंबरला जव्हारच्या खालच्या मैदानावर फुटबॉलची शेवटची मॅच. ज्याने त्याने आपल्या जुन्या जागेवर उभं राहून बघायची. मग दुसऱ्या दिवसापासून टप्पे फोडणार आणि गॅलरी बांधणार — छप्पर, खुर्च्या, सगळं. गॅलरीला अण्णांचं नाव. 'हरिभाऊ स्मृती गॅलरी'. पंचवीस वर्षं मंडळाचे अध्यक्ष होते माझे वडील. टेकडीच्या उतारावर ते सहा टप्पे त्यांनीच खोदून घेतले, एकेक काळा दगड स्वतः उभं राहून बसवून घेतला. हरकत घ्यायला कोणाला कारण नाही. पण आपल्या गावात कारण लागतं कुठे?

एकदाचं नाव लागू दे. तोवर माझा जीव टांगणीला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

फॉर्म १४२ झाले. टप्प्यांचे दगड नव्या भिंतीत बसवायचेत आणि जो जिथे उभा राहायचा त्या दगडावर त्याचं नाव कोरायचंय. त्यासाठी हे फॉर्म. नाव, कितवा टप्पा, एक आठवण. बस्स. तर लोक काय काय लिहितात! चौथ्या टप्प्यावर दाटीवाटी करून चाळीस माणसं मावायची. आजपर्यंत चौथ्यावर एकशे तीन जण उभे आहेत! पहिल्यावर एकही नाही. पहिल्यावर चिखल उडायचा ना, मग आठवणीत तरी तिथे कोण कशाला उभं राहतंय! एकाने लिहिलंय, "शहाऐंशीची फायनल मी डोळ्यांनी पाहिली." अरे गाढवा, तुझा जन्म अठ्ठ्याऐंशीचा. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी खरी लिहिली आहे. टप्प्यावर बसायचं नाही. पाय तुटोत, पाऊस कोसळो, बसायचं नाही म्हणजे नाही. कोणी जरा टेकला की मागून आरोळी — "ऊठ रे ए! गोल बसवतोस काय!" आणि तेवढ्यात खरंच आपल्यावर गोल झाला, तर त्या माणसाला पुढच्या दसऱ्यापर्यंत गावात तोंड दाखवायची चोरी. अण्णांना मैदानाच्या कडेला खुर्ची ठेवलेली असायची. अध्यक्ष ना! पण तेही उभेच. खुर्चीवर त्यांची टोपी बसायची.

शहाऐंशीच्या फायनलबद्दल अकरा जणांनी लिहिलंय. ते अकरा फॉर्म मी वेगळे काढून ठेवलेत. छापायची गरज नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

या वहीत आजच्या पानावर शिलाईचा लाल दोरा आडवा ठेवलाय. दीप्ती म्हणते, तुमचा बायकोवरसुद्धा विश्वास नाही. आहे की! फक्त खात्री करून घेतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुपारी दुकानात एक म्हातारा आला. अंगात मळका स्वेटर, डोळ्यांवर काळा चष्मा — मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तसला, कडेनेही बंद. अर्धा चेहरा त्यातच गेलेला.

"शेठ, त्या टप्प्याचा फॉर्म द्या. आन तुमीच लिवा. मना धड दिसत नाय."

मी पेन काढलं. नाव?

"त्ये मागून सांगतो. पयलं बाकीचं लिवा."

असं कुठे असतं? बरं, टप्पा कितवा?

"चौथा. लायटीच्या खांबाशेजारी."

माझा हात तिथेच थांबला. चौथ्या टप्प्यावर खांबाशेजारी दोनच माणसं उभी राहायची. खांबाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला मंगेश. शाळेत असल्यापासून आमची जागा ती. तिसऱ्याला पाय ठेवू दिला नाही कधी.

गाव विचारलं. "सूर्यमाळ." नाव का सांगत नाही? "सांगंन की. घाय काय हाय?" आणि फॉर्मची घडी करून स्वेटरच्या आत घातली आणि गेला! मला पुढे काही विचारूच दिलं नाही.

सूर्यमाळहून इतक्या लांब एसटीने यायचं, ते बिननावाचा फॉर्म भरायला? कोणीतरी पाठवलाय. मंडळात तीन-चार जण आहेत ज्यांना अण्णांचं नाव खुपतंय. आणि सर्वेश त्यांच्यात चहा पितो.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकूबाईची आठवण रेकॉर्ड करायला गेलो. सर्वेशही होताच शेपटासारखा मागे. सकूबाई मॅचच्या दिवशी टप्प्यांवर उकडलेल्या शेंगा विकायची. आता ऐंशीच्या पुढे आहे. सगळ्या टप्प्यांवर बसायची मुभा तिला एकटीला होती. शेंगावालीने बसलं तर गोल होत नाही, असं ठरलेलं.

म्हणाली, "मना मॅच कंदी दिसलीच नाय बाबा. म्होरं नुसतं पाय! पायावरनं वळखायची मी गिऱ्हाईक. कंपाउंडरचं बूट, मास्तरची कोल्हापुरी. आन तुझं पांढरं कॅनव्हासचं बूट, खांबाच्या डाव्या अंगाला. उजव्या अंगाला मंगेशची चप्पल. अंगठा तुटला व्हता, सुतळी बांदायचा."

सर्वेशने लगेच मान वर केली. "मंगेश कोण?"

"व्हता याचा दोस्त. एका ताटात जेवायची दोघं. नवशीचा पोरगा."

मी म्हटलं, भिवंडीला गेला, मागावर कामाला. झाली त्याला खूप वर्षं. आणि विषय बदलला. पण सर्वेश लिहीत होता. काय लिहिलं ते हाताने झाकून!

बुधवार, १२ नोव्हेंबर

म्हातारा पुन्हा आला. या वेळी मी तयारीत होतो. चहा मागवला, गोड बोललो. म्हटलं, सांगा बघू, काय काय आठवतं?

सांगत सुटला. सगळं सांगतो! चौथ्यावर औषधाच्या दुकानवाले तात्या छत्री मिटलेली ठेवायचे, कारण उघडली की मागचे ढेकळं मारायचे. खरं आहे. गोल झाला की पाचव्यावरचे लोक चौथ्यावर कोसळायचे आणि चौथ्यावरचे तिसऱ्यावर. खरं. मग म्हणाला, टप्प्यांच्या डाव्या टोकाला उंबर, उजव्या टोकाला पाण्याची टाकी. चूक! टाकी डावीकडे होती. तात्या खांबाच्या डाव्या हाताला. चूक! उजव्या.

"आन खांबाच्या उजव्या हाताला पांढऱ्या बुटाचा येक पोरगा. लई शिव्या घालायचा."

तो मी. पण मी डावीकडे होतो! सकूबाईनेही डावीकडेच सांगितलं.

पकडला! हा टप्प्यावर कधी उभाच राहिलेला नाही. कोणीतरी पढवून पाठवलाय, आणि पढवलंयही उलटं. मनात म्हटलं, सर्वेशा, पीटी शिकवतोस तेच शिकव. कटकारस्थान तुझ्या बापाच्याने नाही व्हायचं.

आज खूप दिवसांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नाही. उलटं नाही.

सकाळी दगडांवर खडूने नंबर टाकायला मैदानावर गेलो होतो. काम झालं आणि सहज चालत पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत गेलो. तिथून वळून टप्प्यांकडे बघितलं. डाव्या टोकाला उंबर. उजव्या टोकाला टाकीचा चौथरा. म्हातारा म्हणाला अगदी तसंच.

तो बरोबर सांगतोय. फक्त मैदानातून सांगतोय! टप्प्यावरून मैदान बघणारे आम्ही. हा मैदानातून आम्हाला बघत होता.

सूर्यमाळचा एकच माणूस या मैदानावर खेळला. मोखाड्याच्या टीमचा गोलकीपर. लक्ष्या.

आणि तो काळा चष्मा!

तसाच घाईने घरी आलो. खडू तिथेच राहिला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज लिहितो. या वहीत नाही, आधीच्या एकाही वहीत नाही. कधीच लिहिलं नाही.

शहाऐंशी. दसरा ढालीची फायनल, जव्हार विरुद्ध मोखाडा. एक-एक बरोबरी. अंधारून आलं होतं. दूरच्या पाड्यांवरची माणसं टॉर्च घेऊनच यायची, परतीच्या वाटेसाठी. मी गावातला, तरी अण्णांचा तीन सेलांचा टॉर्च मिरवायला आणायचो. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. लक्ष्याने अडवली. अडवली ती अडवली, वर बॉल छातीशी धरून आमच्या टप्प्यांकडे वळला आणि हसला. सगळे शिव्या घालत होते. ढेकळं, शेंगांची टरफलं, काय हाताला लागेल ते चाललं होतं. मी टॉर्चचं बूड फिरवलं, एक सेल काढला आणि फेकला.

तो तोंड धरून खाली बसला. डावा डोळा गेला त्याचा. कायमचा.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत अण्णांनी त्याला विचारलं, कोणी मारलं? मी दारापाशी गर्दीत होतो. डोळ्यावर पट्टी बांधलेला लक्ष्या म्हणाला, "खांबाच्या उजव्या हाताचा." अण्णा म्हणाले, "खांबाच्या उजवीकडे मंगेश असतो." मंगेश माझ्या शेजारीच उभा होता. तो माझ्याकडे बघायला लागला. मी बघितलं नाही.

मला वाटलं, लक्ष्या घाबरलाय, उलटं बोलला. वाटलं, देव पावला! होय, हेच वाटलं. एकवीस वर्षांचा घोडा होतो आणि देव पावला असं वाटलं मला.

मंगेशचं पोलीस भरतीत नाव लागलं होतं. मंडळाने त्याच्याविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज दिला, त्यामुळे चारित्र्याचा दाखला मिळाला नाही. नोकरी गेली. दिवाळीआधी तो भिवंडीला गेला. नवशीमावशी त्यानंतर आमच्या दारावरून कधी गेली नाही, लांबून वळसा घालायची. ती मेली तेव्हाही तो रात्रीत येऊन गेला म्हणतात.

आणि आता लक्ष्या आलाय. गॅलरीला अण्णांचं नाव लागायच्या महिनाभर आधी. एकोणचाळीस वर्षांनी त्याला बरोबर आत्ताच वाट सापडली?

सोमवार, १७ नोव्हेंबर

एक गोष्ट राहिली. त्या फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च लावून बघितला. लागला. तीन सेल होते आत. तेव्हा वाटलं, आईने घातला असेल. आई टॉर्चला हात लावत नसे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं. दीप्तीला सांगितलं, काळ्या चष्म्याचा माणूस आला तर सांग, घरी नाहीत. तो आला. ती म्हणाली, घरी नाहीत — आणि त्याला आत बसवून चहा दिला! मी मागच्या खोलीत दडून. अर्धा तास बसला. हसण्याचे आवाज येत होते.

"काय बोलला?"

"नागलीच्या पापडांचं. डबा भरून आणलेत भाऊंनी. त्यांची सून करते."

"भाऊ?"

"मग काय म्हणू? तुमच्याच वयाचे असतील. किती साधा माणूस आहे हो."

साधा! साध्या माणसाला पापड घेऊन शत्रूच्या घरी यायचं सुचत नाही. मी पापड खाल्ला नाही. दीप्तीने चार खाल्ले. तिला काही झालं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दोरा नाही! वही उघडली तर पानावर दोरा नाही. दीप्तीला फैलावर घेतलं. ती पीठ मळत होती. हातही थांबवला नाही तिने.

"तुमची वही वाचून मला काय मिळणार? नळाला पाणी किती वाजता येणार ते लिहिलंय का त्यात?"

संध्याकाळी दोरा सापडला. माझ्याच स्वेटरच्या बाहीला चिकटलेला. तिला सांगितलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मी नवा नियम काढला. चौथ्या टप्प्यासाठी दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नाहीतर फॉर्म बाद. एकशे तीनचे चाळीस होतील, आणि लक्ष्याचाही आपोआप निकाल लागेल. सरळ काम.

सर्वेश म्हणाला, "काका, मग तुमचाही फॉर्म बाद. खांबाशेजारी तुम्ही होतात, याचा साक्षीदार कोण?"

सकूबाई, म्हटलं. म्हणाला, "ती झाली एक. दुसरा?"

दुसरा साक्षीदार भिवंडीला आहे.

मग तो पुन्हा फोन घेऊन बाहेर. या वेळी मी दाराआड गेलो. स्पष्ट ऐकलं — "नाही नाही, काकांना काही कळू द्यायचं नाही. एकदम चौदा तारखेलाच."

म्हणजे हे चौदाला करणार! भर मैदानात, पाच हजार माणसांसमोर, अण्णांच्या नावाच्या पाटीवरचा पडदा ओढायच्या वेळी. लक्ष्याला पुढे उभा करणार आणि चष्मा काढायला लावणार.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

झोप नाही. जेवण नाही. दीप्ती म्हणते डॉक्टरकडे चला. डॉक्टर काय करणार?

पाटी आली. पितळेची. अण्णांचं नाव एवढं मोठं! कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. किल्ली माझ्याकडे.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज सूर्यमाळला जाऊन आलो. म्हटलं, तो येण्याआधी आपणच जावं. एकदाच काय ते विचारावं — बाबा, तुला हवंय काय? आणि काय ते देऊन टाकावं.

पाड्यावर घर शोधत पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. लक्ष्या खळ्यावर नागली वाळवत बसला होता. चष्मा नव्हता. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती चिकटलेली पापणी. त्या डोळ्याकडे मी आज पहिल्यांदा बघितलं.

मी उभाच. काय बोलायचं ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो. एवढंच बोललो, "लक्ष्मण, तो सेल मी फेकला होता."

"म्हाईत हाय शेठ. मी बगलं ना तुमाला फेकताना."

"मग त्या दिवशी उलटं का सांगितलंस?"

तो उठला, माझ्यासाठी खाट टाकली. मी बसलो नाही.

"उलटं नाय सांगितलं. गर्दीला आत घेयाच्या आगूदर तुमचं अण्णा आन मी दोगंच व्हतो खोलीत. त्यांनी इचारलं, मी खिडकीतनं बोट दाखवलं. तुमी टप्प्यावरच उभं व्हता, टॉर्च हातात. अण्णांनी माजं बोट धरलं आन खाली केलं. लई येळ धरून ठेवलं. मंग म्हणालं, डोळा तर गेला, आता पोट सांभाळ. आश्रमशाळेत शिपाई लावतो तुला. भायेरच्यांना येवडंच सांग, खांबाच्या उजव्या हाताचा. म्होरचं मी बगतो."

"आणि तू सांगितलंस."

"सांगितलं. माज्याकडनं उजव्या हाताला तुमीच व्हता. खोटं नाय बोललो मी. असं म्हणून म्हणून तेहतीस वरीस शाळंची घंटा मारली. पण त्या मंगेशचं तोंड जात नाय डोळ्यासमोरनं. जो डोळा हाय त्याच्यासमोरनं बी आन नाय त्याच्यासमोरनं बी."

मग घरात गेला आणि तो फॉर्म घेऊन आला. घडीवर घडी.

"आता ह्या डोळ्याचं आपरेशन झालं. टेबलावर पडल्या पडल्या वाटलं, ह्यो बी गेला तर? ह्यात नाव लिवा. मंगेशचं. त्याचा दगूड त्याला मिळू द्या. मना दुसरं काय बी नको. अण्णांनी मना भाकर दिली, त्यांचं नाव मी नाय घेनार चार माणसांत. तुमी घ्या नायतर नका घेऊ."

परतीच्या गाडीत शेजारचा माणूस विचारत होता, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, नाही.

सोमवार, १ डिसेंबर

तर अण्णांनी.

मी समजत होतो, लक्ष्या चुकला. मग समजलो, अण्णा चुकले. कोणीच चुकलं नव्हतं. माझ्या बापाने ठरवून, शांतपणे, नवशीचा पोरगा उचलला आणि माझ्या जागी ठेवला. रात्री माझ्याबरोबर जेवले. मला भात वाढायला सांगितला आईला. आणि टॉर्चमध्ये सेल घालून ठेवला. मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. सत्तावीस वर्षं एका घरात, एका छपराखाली, दोघांनाही माहीत!

राग येतोय. कोणाचा, ते कळत नाही. माझ्यासाठीच केलं ना त्यांनी? हेच तर सहन होत नाहीये.

दीप्तीला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती भांडी पुसत ऐकत होती. मग विचारलं, "आता काय करणार?"

म्हटलं, चौदा तारीख होऊन जाऊ दे, मग बघू.

"एकोणचाळीस वर्षं तेच तर करताय," म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली.

गुरुवार, ४ डिसेंबर

तीन दिवस लिहीत होतो. एक पान झालं. शहाऐंशीची फायनल, चौथा टप्पा, खांबाच्या डाव्या अंगाला मी, उजव्या अंगाला मंगेश. सेल कोणी फेकला. बोट कोणी खाली केलं. लक्ष्याचं नाव कुठे घातलं नाही, 'जखमी खेळाडू' एवढंच. तो अण्णांच्या मिठाला जागला, मी त्याची नोकरी चव्हाट्यावर कशाला मांडू? खाली सही केली.

सर्वेशला दुकानात बोलावून पान हातात दिलं. म्हटलं, हे स्मरणिकेत पहिलं छापायचं. आणि गॅलरीला अण्णांचं नाव नको, तसं मंडळाला पत्र दिलंय. पाटी कपाटात आहे, ही किल्ली. चौदा तारखेला जे करणार होतास ते आता करायची गरज नाही.

तो वाचत होता. मध्येच खुर्चीत बसला. चेहरा उतरला पोराचा.

"काका, चौदा तारखेला मी काय करणार होतो?"

"मला माहीत आहे. फोन ऐकलाय मी तुझा."

"आधीचे फोन शाळेचे होते. तो फोन योगिताचा होता. मंगेशकाकांची मुलगी. सकूबाई म्हणाली ना, एका ताटात जेवायचे, म्हणून मी त्यांना शोधून काढलं. तुम्हाला सरप्राईज द्यायचं होतं. शेवटच्या मॅचला दोघं जुन्या जागेवर उभे राहतील, फोटो काढू... वडिलांना गळ घालतेय बिचारी, ते हो म्हणत नाहीत."

आणि मी त्या पोराच्या मागे दाराआड उभा राहत होतो! लाज वाटली. त्याला सरळ सांगितलंही, मी तुझ्यावर संशय घेतला. तो म्हणाला, "ते सगळ्यांना माहीत आहे काका. तुम्ही सगळ्यांवरच घेता."

मी म्हटलं, हे पान योगिताला पाठव. आजच. मंगेशला वाचून दाखवू दे.

शुक्रवार, ५ डिसेंबर

फोन नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

मंडळाची बैठक. मला बोलवलं नाही. दोन जण दुकानावरून गेले, आत बघितलंही नाही. तात्यांचा मुलगा येऊन म्हणाला, "बापाचं नाव असं धुळीत घालतात का?" मी म्हटलं, मीच घातलं आणि ते बरोबर आहे. फोन अजून नाही. तिने वाचून दाखवलं असेल? की त्याने फाडायला सांगितलं?

रविवार, ७ डिसेंबर

दुपारी फोन आला. योगिता म्हणाली, "काका, बाबांना द्यायचाय." मग मंगेशचा आवाज. म्हातारा झालाय आवाज.

"पश्या, तू फेकलास तेव्हा तुझं कोपर लागलं होतं माझ्या बरगडीत. मला तेव्हापासून माहीत आहे."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. तो पुढे बोलत होता.

"आई म्हणत होती, नाव सांगून टाक त्याचं. मी म्हटलं, थांब ग, तो स्वतःहून येईल. पंधरा दिवस थांबलो. मग निघालो."

फोन त्यानेच ठेवला. मॅचला येणार का, ते बोलला नाही. उद्या पहिल्या एसटीने मी भिवंडीला जातोय.